लिव्हर खराब आहे, मग दात आणि हृदय कशाला तपासता? ट्रान्सप्लांटच्या वर्कअपबद्दल, म्हणजे ऑपरेशनआधीच्या तपासण्यांबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ५४ वर्षांचे, सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) आहे, पोटात पाणी होतंय, दोनदा भ्रमिष्टासारखं बोलायला लागले म्हणून ॲडमिट करावं लागलं, दारू सोडून पाच महिने झालेत. आता ट्रान्सप्लांट सांगितलंय आणि हातात जी तपासण्यांची यादी दिली त्यात एको (हृदयाची सोनोग्राफी), अँजिओ (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी), फुफ्फुसं, दातांचे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ सगळे आहेत, तर हे बिल वाढवायचं काम तर नाही ना, आणि भाऊ लिव्हर द्यायला तयार असताना त्याच्या टेस्ट आधी का करत नाहीत. मी लिव्हरचाच डॉक्टर आहे, असे पेशंट तपासणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, सावकाश वाचा.

ऑपरेशन लिव्हरचं असलं तरी ते सोसावं सगळ्या शरीराला लागतं. ८-१० तास, कधी त्याहून जास्त. जुनं लिव्हर काढताना पोटातली मोठी शीर पूर्ण किंवा अर्धी दाबून धरतात, म्हणजे हृदयाकडे येणारं रक्त एकदम कमी होतं, आणि नवीन लिव्हर जोडून क्लॅम्प सोडला की त्यातलं गार, पोटॅशियम आणि ॲसिड जास्त असलेलं रक्त धाडकन हृदयात येतं. त्या दोन-चार मिनिटांत बीपी पडतं, ठोके बिघडतात, कधी हृदय थांबतंसुद्धा. भूलतज्ज्ञ सगळ्यात जास्त त्या क्षणाला घाबरतात. यातून निभावलं की पुढे आयुष्यभर टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, म्हणजे शरीरात कुठे जंतू दडून बसला असेल तर त्याला रान मोकळं. यादीतली जवळजवळ प्रत्येक टेस्ट या दोन भीतींपैकी एकीतून आलेली आहे.

आधी मुळात गरज आहे का ते बघू. तुम्ही रिपोर्ट दिलेत त्यावरून बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ३.२, आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा) १.८, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) १.१, सोडियम १२८, अल्ब्युमिन २.६. पहिल्या तीन आकड्यांवरून मेल्ड स्कोअर, म्हणजे लिव्हरचा आजार किती गंभीर आहे त्याचा आकडा, काढतात, तो ६ ते ४० असतो, बाबांचा येतो १८. सोडियम धरला की तोच २४-२५ पर्यंत जातो, कारण सोडियम कमी असणं हे लिव्हर फार थकल्याचं लक्षण आहे. साधारण १५ च्या वर ट्रान्सप्लांटचा फायदा धोक्यापेक्षा जास्त धरतात, खाली असेल तर घाई करून नुकसानच होऊ शकतं. दुसरा जुना हिशोब चाइल्ड-प्यू, त्यात पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणामही मोजतात, त्यात बाबा 'सी' गटात बसतात. म्हणजे गरज आहे, त्यात मला शंका नाही. तुम्ही 'एसजीपीटी (लिव्हरला सूज-इजा झाली की वाढणारा रक्तातला आकडा) तर नॉर्मल आहे' असंही लिहिलंय. सिरॉसिस पुढे गेला की ते नॉर्मल येणं अगदी कॉमन आहे, त्या आकड्यावर जाऊ नका. आणि एक, मेल्ड कमी असूनही पाणी वारंवार काढावं लागतंय, पोटातल्या पाण्याला इन्फेक्शन होतंय, शुद्ध हरपतेय असे पेशंट असतात, त्यांच्याबाबतीत फक्त स्कोअर बघून थांबणारा डॉक्टर चुकतो.

आता हृदय. सिरॉसिसच्या पेशंटचं हृदय फसवं असतं. रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात, बीपी आपोआप कमी राहतं, त्यामुळे हृदयाला फारसा जोर लावावा लागत नाही आणि साध्या एकोत पंपिंग ६०-६५ टक्के, एकदम झकास दिसतं. शिवाय पेशंट पलंगावरून बाथरूमपर्यंतच चालतो, त्यामुळे छातीत दुखायची वेळच येत नाही. मग नातेवाईक म्हणतात, हार्टचा काही त्रासच नाही. म्हणून औषध देऊन ठोके वाढवून स्ट्रेस एको करतात, पण तिथेही एक गोची आहे. बाबांना अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल चालू असणार, ती गोळी ठोके वाढूच देत नाही. ५४ वर्षांच्या माणसात ठोके १४० च्या आसपास जायला हवेत, ते ११० वरच अडकतात आणि रिपोर्टवर लिहून येतं 'निष्कर्ष काढता येत नाही'. मग सीटी अँजिओ किंवा मनगटातून साधी अँजिओग्राफी. बाबांना डायबेटिस आहे, सिगरेटची सवय होती, अशा पेशंटमध्ये मी तरी अँजिओ टाळत नाही. ब्लॉक निघाला तर तो आधी सोडवायचा, आणि स्टेंट टाकला की रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही काळ थांबवता येत नाहीत म्हणजे ऑपरेशन पुढे जातं. हे ऑपरेशनच्या टेबलावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं परवडलं.

एकोतच अजून एक आकडा बघायचा असतो, फुफ्फुसाच्या धमनीतलं प्रेशर. एकोवर ते ४५-५० च्या वर वाटलं तर मानेतल्या शिरेतून नळी घालून प्रत्यक्ष मोजतात. लिव्हरच्या आजारामुळे काही जणांत हे प्रेशर खरंच वाढतं, सरासरी ३५ च्या वर असेल तर आधी महिनोन्महिने औषधं देऊन ते खाली आणावं लागतं, ५० च्या वर असेल तर बहुतेक टीम ऑपरेशनला हातच लावत नाहीत कारण नवीन लिव्हर बसवल्या बसवल्या उजवं हृदय फेल होतं.

आणि ती 'बबल टेस्ट', जिच्याबद्दल तुम्ही 'हवेचे बुडबुडे शिरेत सोडणार म्हणे' असं घाबरून लिहिलंय. घाबरायचं काही नाही. दोन सिरिंज एका छोट्या तीन तोंडांच्या नळाला जोडतात, एकीत सलाइन आणि किंचित हवा, इकडून तिकडे जोरात ढवळलं की दुधाळ फेस होतो, तो हाताच्या शिरेतून सोडतात आणि एकोच्या स्क्रीनवर बघत बसतात. उजवा कप्पा पांढराशुभ्र चमकतो. निरोगी माणसात फुफ्फुसं हे बुडबुडे गाळून टाकतात, डावा कप्पा काळाच राहतो. पण ३ ते ६ ठोक्यांनंतर डावीकडेही ठिपके दिसायला लागले तर फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या आहेत, रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे सरकतंय असा अर्थ. लगेच पहिल्या-दुसऱ्या ठोक्याला दिसले तर हृदयाच्या पडद्यातच छिद्र असू शकतं. घरी तुम्ही एक करून बघा, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर झोपून सॅच्युरेशन बघा आणि मग दहा मिनिटं बसवून बघा, बसल्यावर कमी होत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. गंमत अशी की फुफ्फुसाचा हा आजार ट्रान्सप्लांटनंतर बहुतेकांत बरा होतो, म्हणजे तो ट्रान्सप्लांट लवकर करायचं कारण ठरतो, आणि वर सांगितलेला प्रेशरवाला आजार ट्रान्सप्लांट रोखायचं. दोन्हीत पेशंटची तक्रार एकच, 'दम लागतो'. म्हणून नुसत्या छातीच्या एक्स-रेवर भागत नाही.

दातांचं. किडलेल्या दाढेच्या मुळाशी पू असेल तर आज नुसतं ठणकतं, पण ट्रान्सप्लांटनंतर स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमस चालू असताना तिथून जंतू रक्तात जाऊन पेशंट आयसीयूत जाऊ शकतो. काढायची दाढ आत्ता काढतात, प्लेटलेट आणि आयएनआर बघून तयारीने. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये परस्पर जाऊन काढून घेऊ नका, रक्त थांबता थांबत नाही. आणि दातांचे डॉक्टर, कान-नाक-घसावाले तोंड उघडून बघतात त्यामागे दुसरंही कारण आहे, आपल्याकडे तंबाखू, मावा, मिश्री, गुटखा. दारू आणि तंबाखू दोन्ही असलेल्या माणसाच्या गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला तर त्याची बायोप्सी आधी, कारण बाहेर कुठे कॅन्सर असताना प्रतिकारशक्ती दाबणं म्हणजे त्या कॅन्सरला मोकळीक देणं.

टीबीचं मी जास्त मनावर घेतो. आपल्याकडे अनेकांच्या शरीरात तो झोपलेला असतोच. छातीचा सीटी, दडलेल्या टीबीसाठी मँटू (कातडीत टोचून) किंवा इग्रा (रक्तातून) ही टेस्ट, पोटातलं पाणी काढून त्याची तपासणी, घरात कोणाला टीबी होता का याची नीट चौकशी. ट्रान्सप्लांटनंतर टीबी उठला तर डोकेदुखी अशी की टीबीची तीन मुख्य औषधं लिव्हरला त्रास देणारी, आणि त्यातलं रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी पार खाली आणतं, म्हणजे टीबी बरा करायला जावं तर नवीन लिव्हर रिजेक्ट व्हायची भीती. तुमच्या आजोबांना टीबी झाला होता हे तुम्ही प्रश्नात सहज शेवटी लिहिलंय, ते ट्रान्सप्लांट टीमला पहिल्यांदा सांगा.

हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही वगैरे रक्ताच्या टेस्ट तर होतातच, आणि पॉझिटिव्ह आलं म्हणजे दार बंद असं अजिबात नाही, बी दाबून ठेवायला आणि सी पूर्ण घालवायला आता चांगल्या गोळ्या आहेत. लसीही आत्ताच घ्या. न्यूमोनिया, फ्लू, हिपॅटायटिस बी. कांजिण्यांसारख्या जिवंत लसी लागणार असतील तर त्या ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी, नंतर त्या देता येत नाहीत.

किडनीबाबत एकच सांगतो. क्रिएटिनिन १.१ म्हणजे किडनी छान असं समजू नका, ते स्नायूंमधून येतं आणि बाबांचे स्नायूच झडलेत, त्यामुळे आकडा आहे त्यापेक्षा गोंडस दिसतो. तसंच एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट. प्लीहा मोठी, रक्त कमी, लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे ते खोटंच कमी येतं. मधुमेह कंट्रोलमध्ये आहे की नाही ते रोजच्या शुगरच्या वहीवरून ठरवा.

आता ज्या गोष्टीवर मी ओपीडीत सगळ्यात जास्त भांडतो ती. आहार. सिरॉसिस म्हटलं की घरचे कावीळ समजून ऊसाचा रस, फुटाणे, मऊ भात चालू करतात आणि डाळ, दूध, अंडी, तूप बंद. त्यात कोणी सांगतं की शुद्ध हरपते ती प्रथिनांमुळे, मग उरलीसुरली डाळही जाते. दोन महिन्यांनी पेशंट येतो तो पोट मोठं आणि दंडाला नुसती कातडी. उलट आहे सगळं. सुजेचं-पाण्याचं वजन वगळून जे खरं वजन येईल त्याच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. दूध, दही, पनीर, डाळी, चालत असतील तर अंडी, आणि पोटाला झेपेल असं दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. रात्री झोपायच्या आधी काहीतरी खाल्लंच पाहिजे, पोळी-दूध चालेल, शिरा चालेल, कारण हे लिव्हर साखरेचा साठा करू शकत नाही आणि रात्रभर उपाशी राहिलं की शरीर स्वतःचे स्नायू जाळायला लागतं. बंद काय करायचं तर वरून मीठ, पापड, लोणचं, फरसाण. भ्रमिष्टपणासाठी लॅक्टुलोज हे शौच मऊ करणारं पातळ औषध आहे, दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील इतकं द्या, डाळ तोडून काही साधत नाही. कुठल्या काढ्याच्या, गुळवेलीच्या, 'लिव्हर टॉनिक'च्या बाटल्या चालू असतील तर आजच बंद. कोविडच्या काळात गुळवेलीने लिव्हर बिघडल्याचे पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत.

वर्कअपमध्ये आहारतज्ज्ञ आणि फिजिओवाले हाताची पकड मोजतात, खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात बघतात, सहा मिनिटं चालवतात. ते पोरखेळ वाटतं, पण माझा अनुभव असा की जो पेशंट स्वतःच्या पायाने चालत ऑपरेशनला जातो तो व्हेंटिलेटरवरून लवकर सुटतो. आणि या सगळ्या यादीत घरच्यांच्या हातात असलेली मोठी गोष्ट हीच आहे. रोज चालवा, पाच मिनिटं तर पाच मिनिटं.

मानसोपचारतज्ज्ञाचा तुम्हाला राग आलाय असं दिसतं, 'बाबा वेडे नाहीत' असं लिहिलंय. कोणी तसं म्हणतही नाहीये. तिथे बघतात ते असं की दारू परत चालू व्हायची शक्यता किती, नंतरच्या गोळ्या रोज वेळेवर घेतील का, घरात सांभाळणारं कोण, नैराश्य आहे का, आणि भ्रमिष्टपणामुळे त्यांना स्वतःला हे ऑपरेशन काय आहे ते कळतंय का. सहा महिने दारू बंद हवी हा जो नियम सगळे सांगतात तो कायदा नाही. त्यामागे दोन विचार होते, एक म्हणजे दारू थांबवल्यावर काही लिव्हर स्वतःच इतकी सुधारतात की ट्रान्सप्लांट लागत नाही, आणि दुसरा, सहा महिने राहिला तर पुढेही राहील असा ढोबळ अंदाज. आता चांगल्या टीम नुसतं कॅलेंडर बघत नाहीत, माणूस आणि घर बघतात, पण अनेक ठिकाणी अजून सहा महिने पाळतात त्यामुळे तारीख नक्की लिहून ठेवा. मधे कधी अचानक लघवीची किंवा रक्ताची टेस्ट करतील, त्यातल्या पेथ नावाच्या टेस्टमध्ये मागच्या दोन ते चार आठवड्यांतली दारू कळते. त्याचा अपमान मानू नका. आणि कृपा करून बाबांना 'असं सांगा, तसं सांगा' म्हणून पढवून नेऊ नका. एखाद्या लग्नात घेतली असेल तर तेही सांगू दे, खरं बोलणाऱ्या पेशंटला व्यसनमुक्तीची मदत देऊन पुढे नेता येतं, खोटं पकडलं गेलं की सगळ्या टीमचा विश्वास उडतो. सिगरेट-बिडीही पूर्ण बंद, त्याने नवीन लिव्हरच्या धमनीत गुठळी व्हायची भीती वाढते.

सीटी स्कॅन तीन टप्प्यांचा, शिरेतून औषध देऊन. त्यात मुख्य शिरेत गुठळी आहे का, धमनी कुठून कशी येते हे सर्जनला हवं असतं आणि मला हवं असतं ते गाठ आहे का. सिरॉसिसमध्ये लिव्हरचा कॅन्सर गुपचूप होतो. निघाला तरी लहान असेल, म्हणजे एकच गाठ ५ सेंटीमीटरपर्यंत किंवा जास्तीत जास्त ३ गाठी आणि प्रत्येक ३ सेंटीमीटरच्या आत, शिरेत शिरलेला नाही, बाहेर पसरलेला नाही, तर ट्रान्सप्लांटने तो बराही होतो. हे निकष मिलानमधून १९९६ मध्ये आले आणि अजून त्यांच्याच आधाराने बोलतात, आता थोडे सैल करून वापरणारेही आहेत.

भावाच्या टेस्ट आधी का नाहीत? कारण तो धडधाकट आहे आणि त्याला उगाच सुया, सीटी आणि धास्ती देण्यात अर्थ नाही जोपर्यंत बाबा ऑपरेशनला फिट आहेत हे कळत नाही. रक्तगट, वजन-उंची, साध्या रक्ततपासण्या, फॅटी लिव्हर आहे का एवढं सुरुवातीला बघतात, बाकी नंतर. देणाऱ्याकडे स्वतःच्या लिव्हरचा निदान ३० टक्के भाग उरला पाहिजे, आणि बाबांना मिळणारा तुकडा त्यांच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के तरी हवा, म्हणजे ६० किलोला ४८० ग्रॅम. कायद्याने मुलगा जवळच्या नातेवाइकात येतो त्यामुळे कागदपत्रं तुलनेने सोपी. त्याच्याशी डॉक्टर एकट्यात बोलतील, तेव्हा दाराबाहेर थांबा. त्याला मनातून नको असेल तर तसं सांगायचा त्याला पूर्ण हक्क आहे आणि टीम ते तुमच्यापर्यंत येऊ देणार नाही. तो जमला नाही तर हातात काहीतरी असावं म्हणून झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटून देणारी विभागीय समिती) यादीत बाबांचं नावही हॉस्पिटलमार्फत नोंदवून ठेवायला सांगा, महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार केंद्रं आहेत. बाबांची तब्येत झपाट्याने ढासळत असेल तर मात्र दोघांच्या टेस्ट एकदमच चालू करतात.

पैशांबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर यादीतलं मोठं काम गरजेचंच असतं, पण सगळीकडे सगळंच लागतं असंही नाही. सरसकट प्रत्येकाला पेट स्कॅन, लांबलचक ट्यूमर मार्करचं पॅकेज, महिनाभरापूर्वीचा चांगला सीटी हातात असताना परत सीटी, यावर प्रश्न विचारायला लाजू नका. एकच विचारा, 'या टेस्टचा रिपोर्ट वाईट आला तर तुम्ही काय वेगळं करणार?' उत्तर सरळ आलं तर टेस्ट करा. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर तिथे गरिबांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात, उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या सोशल वर्करला भेटा, ट्रस्ट आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधीचे फॉर्म तेच भरून देतात. हे आत्तापासून चालू करा, ऑपरेशनच्या आठवड्यात काही होत नाही.

शेवटी टीम बसते आणि हो, नाही किंवा 'आत्ता नाही' सांगते. ठाम 'नाही' ची कारणं मोजकी, लिव्हरबाहेर पसरलेला कॅन्सर, न सुधारणारं हृदय किंवा फुफ्फुस, चालू असलेली दारू. चालू इन्फेक्शन, ब्लॉक, झडलेले स्नायू, दाढ ही सगळी 'आत्ता नाही'ची कारणं आहेत, ती दुरुस्त करून परत जायचं असतं. त्यामुळे नकार आला तर कारण लिहून मागा आणि ते दुरुस्त होण्यासारखं असेल तर दुसऱ्या सेंटरचं मतही घ्या.

दरम्यान ताप, काळी शौच, रात्री जागं आणि दिवसा झोप, लघवी कमी होणं यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तडक ॲडमिट करा. आणि पुढच्या वेळी जाताना सीटीची सीडी न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको, सर्जनला शिरा स्वतः बघायच्या असतात. चालू औषधांची पाकिटं, आधीच्या एंडोस्कोपीचे फोटो आणि शुगरची वहीही त्याच पिशवीत टाका.